डिस्नेने विकत न घेतलेला हक्क

फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरालगत डिस्नेचे चार थीम पार्क आहेत आणि त्यांतल्या एकाही पार्कात स्पायडर-मॅनची राइड नाही. ती आहे गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या युनिव्हर्सलच्या पार्कात, आणि तिथल्या तिकिटाचा पैसा डिस्नेच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या, कॉमकास्टच्या खिशात जातो. मार्वल कंपनी डिस्नेच्या मालकीची, स्पायडर-मॅन, हल्क आणि एक्स-मेन मार्वलचे, पण फ्लोरिडात त्यांच्यावर राइड चालवण्याचा हक्क दुसऱ्याचा. या विसंगतीवर सिनेमाप्रेमी आणि पार्कशौकीन वर्षानुवर्षे चिडत आले आहेत. 1994 सालचा एक जुनापुराणा करार आज सगळ्यांच्या मुळावर आला आहे, युनिव्हर्सल त्या हक्कांवर ठाण मांडून बसले आहे, प्रेक्षकांचे नुकसान होते आहे आणि ज्याची पात्रे त्याला ती परत मिळाली पाहिजेत, अशी ही तक्रार असते. कुणी म्हणते कोर्टाने तो करार मोडीत काढावा, कुणी म्हणते कॉमकास्टने मोठे मन दाखवावे. हा सगळा युक्तिवाद एकाच गृहीतावर उभा आहे: पात्र विकत घेतले की त्याच्यावर आधी लिहून दिलेले हक्क आपोआप नव्या मालकाकडे येतात, किंवा निदान यायला हवेत. ते गृहीतच खोटे आहे. डिस्नेकडून कुणी काही हिरावून घेतलेले नाही. हा हक्क डिस्नेने कधी विकतच घेतला नव्हता.

करार झाला तो काळ आधी आठवला पाहिजे. 22 मार्च 1994 रोजी युनिव्हर्सलची तेव्हाची पालक कंपनी एमसीए आणि मार्वल यांच्यात तो झाला. त्या वेळचे मार्वल म्हणजे आजचा अब्जावधींचा चित्रपट-कारखाना नव्हे. ती कॉमिक्स छापणारी एक कंपनी होती. रॉन पेरेलमन या गुंतवणूकदाराने ती 1989 मध्ये 8 कोटी 25 लाख डॉलरला घेतली होती. कॉमिक्स साठवून ठेवली की पुढे सोन्याच्या भावाने विकली जातील, या आशेवर फुगलेला बाजार त्याच सुमारास बसायला लागला होता. पडद्यावरची अवस्था तर केविलवाणी होती. 'हॉवर्ड द डक' 1986 मध्ये आपटला होता, आणि तो प्रदर्शित केला होता खुद्द युनिव्हर्सलने. 1990 चा 'कॅप्टन अमेरिका' अमेरिकेत जवळजवळ थेट व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात गेला. 'फँटास्टिक फोर'वर कमी खर्चात काढलेला चित्रपट 1994 मध्ये तयार झाला आणि कधी प्रदर्शितच झाला नाही. 'ब्लेड' यायला अजून चार वर्षे होती, 'एक्स-मेन'ला सहा, आणि जगभरात 80 कोटी डॉलरच्या पुढे गेलेल्या 'स्पायडर-मॅन'ला आठ. अशा वेळी एका पार्क कंपनीने या पात्रांसाठी एक अख्खे बेट राखून ठेवले. 1999 च्या मे महिन्यात 'आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर' सुरू झाले, त्यात हल्कचा रोलर कोस्टर आणि स्पायडर-मॅनची राइड होती. स्पायडर-मॅनच्या त्या राइडमध्ये फिरती गाडी, त्रिमित पडदा आणि खरेखुरे नेपथ्य असे काही एकजीव झाले होते की पुढची कित्येक वर्षे जगभरच्या पार्क-रचनाकारांनी तिच्याकडे पाहून धडे घेतले. सिनेमाची लाट येण्याआधी ही गुंतवणूक झाली होती. लाट आल्यावर किनाऱ्यावर येऊन उभे राहणाऱ्यांनी हे विसरू नये.

मधल्या काळात जे घडले ते या वादात कुणी काढत नाही, आणि मला तोच भाग सर्वांत बोलका वाटतो. 1996 च्या डिसेंबरात मार्वलने दिवाळखोरीचा अर्ज केला. पेरेलमन आणि कार्ल आयकान हा दुसरा गुंतवणूकदार यांच्यात कंपनीवरून झुंज लागली आणि 1998 मध्ये टॉय बिझ या खेळणी-कंपनीने मार्वल आपल्यात विलीन करून घेतले. अमेरिकी दिवाळखोरी कायद्यात अडचणीतल्या कंपनीला एक मोठी सवलत असते: जे चालू करार तिला जाचक वाटतात ते न्यायालयाच्या परवानगीने नाकारण्याची. मार्वल त्या भट्टीतून बाहेर पडले तेव्हा युनिव्हर्सलचा करार शाबूत होता. ज्याला आज गळ्यातले लोढणे म्हणतात, तो त्या पडत्या काळात मार्वलच्या हातातल्या मोजक्या भरवशाच्या गोष्टींपैकी एक होता. दुसऱ्या बाजूलाही मालक काही कमी बदलले नाहीत. करार झाला तेव्हा एमसीए जपानच्या मात्सुशिताच्या ताब्यात होती, 1995 मध्ये ती सीग्रॅमकडे गेली, 2000 मध्ये फ्रान्सच्या विवेंडीकडे, 2004 मध्ये जनरल इलेक्ट्रिककडे आणि 2011 पासून कॉमकास्टकडे. यातल्या प्रत्येकाने युनिव्हर्सलची किंमत ठरवताना त्याच्या पार्कांत काय काय आहे हे मोजले असणार. मालक बदलला म्हणून करार रद्द, असा नियम असता तर हा करार दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा डझन वेळा तरी मेला असता.

कराराचा मजकूर गुप्त नाही. तो अमेरिकेच्या रोखे नियामकाकडे दाखल झालेला आहे आणि कुणालाही वाचता येतो. टीकाकार त्याची जी खिल्ली उडवतात ती मुख्यतः मिसिसिपी नदीवरून. नदीच्या पूर्वेला युनिव्हर्सल जी पात्रे वापरत असेल ती आणि त्यांच्या 'कुटुंबातली' इतर पात्रे दुसऱ्या थीम पार्कला वापरता येत नाहीत. नुसता ओझरता उल्लेख म्हणजे वापर नव्हे, असेही करार सांगतो. नदीच्या पश्चिमेला इतरांना पात्रे वापरता येतात, पण राइडच्या नावात किंवा जाहिरातीत 'मार्वल' हा शब्द मिरवता येत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियात डिस्नेने 2021 मध्ये उघडलेल्या विभागाचे नाव 'अ‍ॅव्हेंजर्स कॅम्पस' आहे, त्यात 'मार्वल' हा शब्द नाही. तिथे स्पायडर-मॅनची राइड आहे; फ्लोरिडात मात्र तो डिस्नेच्या पार्कात पाऊल ठेवू शकत नाही. ऐकायला हे विनोदी वाटते खरे. पण थीम पार्कचा धंदा प्रादेशिक असतो, हे ध्यानात घेतले की नदीचा विनोद ओसरतो. लॉस एंजेलिसजवळचा पार्क ऑरलँडोच्या पार्कचे गिऱ्हाईक तोडत नाही. दोहोंत चार हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. पुस्तक किंवा सिनेमा एकाच दिवशी देशभर विकला जातो, रोलर कोस्टर जमिनीत रोवलेला असतो. जो कोट्यवधी डॉलर जमिनीत गाडणार आहे त्याला शेजारच्या पार्कात तेच पात्र उद्या उभे राहणार नाही एवढी हमी हवी असते, आणि देशाच्या दुसऱ्या टोकाबद्दल त्याला फारशी फिकीर नसते. नदी ही त्या हमीची हद्द होती. ती सोयीची खूण होती इतकेच, एखाद्या राज्याची सीमाही चालली असती. 'मार्वल' शब्दावरची पश्चिमेकडची बंदी मात्र मला अनाठायी वाटते. तिने युनिव्हर्सलला आज काय मिळते हे सांगणे कठीण आहे. पण एक कलम गैरसोयीचे म्हणून करार अन्याय्य ठरत नाही.

31 ऑगस्ट 2009 रोजी डिस्नेने सुमारे 4 अब्ज डॉलरला मार्वल घेण्याची घोषणा केली आणि वर्ष संपता संपता व्यवहार पुरा झाला. त्या वेळी स्पायडर-मॅनचे चित्रपट-हक्क सोनीकडे होते, एक्स-मेन आणि फँटास्टिक फोरचे फॉक्सकडे, आणि पूर्व अमेरिकेतल्या पार्कांचे युनिव्हर्सलकडे. हे सगळे जगजाहीर होते. गिरगावात पागडीच्या भाडेकरूंसह इमारत घेणारा माणूस रिकाम्या इमारतीचा भाव मोजत नाही. भाडेकरू आहेत म्हणूनच ती त्याला त्या भावात मिळते. उपमा इथवरच ताणावी, कारण पागडीचे भाडे कायद्याने बांधलेले असते आणि इथे दोन सज्ञान कंपन्यांनी वकिलांच्या फौजा घेऊन राजीखुशीने सह्या केल्या होत्या. म्हणजे डिस्नेची बाजू त्या घरमालकापेक्षाही लंगडी आहे. शिवाय डिस्नेने घेतले ते मार्वलचे समभाग. करारातला पक्षकार मार्वल होता आणि मार्वलच राहिला, त्याच्या डोक्यावर फक्त नवा धनी बसला. 2019 मध्ये 71.3 अब्ज डॉलरला फॉक्सची मालमत्ता घेतल्यावर एक्स-मेनचे चित्रपट-हक्क डिस्नेकडे परतले, तरी ऑरलँडोच्या पार्कात त्याने तसूभर फरक पडला नाही. चित्रपटाचा हक्क वेगळा, पार्कचा वेगळा. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या किमतीला विकले गेले होते.

यावर पहिला आक्षेप असा की 1994 मध्ये या पात्रांची खरी किंमत कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून तो सौदा कवडीमोल झाला. पण किंमत ठाऊक नसणे हीच तर जोखीम होती आणि ती युनिव्हर्सलने घेतली. सुपरहिरोंची लाट आली नसती, 'स्पायडर-मॅन' 2002 मध्ये आपटला असता, तर डिस्नेने युनिव्हर्सलच्या ओसाड बेटाची भरपाई दिली असती काय? जे जोखमीच्या वेळी टेबलावर नव्हते त्यांनी नफ्याच्या वेळी पानावर बसावे, हा न्याय नव्हे. आणि एक गोष्ट उलट दिशेने पाहावी. 1999 पासून दर वर्षी लाखो लोक त्या बेटावर हल्क आणि स्पायडर-मॅनशी ओळख करून घेत होते, तेही मार्वल नुकते दिवाळखोरीतून सावरत असताना. पात्रांची जी किंमत डिस्नेने पुढे मोजली तिच्यात या पार्काचा वाटा किती हे मोजता येणार नाही. पण तो शून्य होता असे म्हणण्यालाही पुरावा नाही.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे, आणि अधिक पोकळ: प्रेक्षकाचे नुकसान होते. कसले नुकसान? फ्लोरिडात जाणाऱ्याला हल्क पाहायचा असेल तर तो आहेच, फक्त वेगळ्या फाटकातून आत जावे लागते. उलट या करारामुळे डिस्नेला हात बांधून काम करावे लागले आणि त्यातून जे निघाले ते पाहण्यासारखे आहे. अ‍ॅव्हेंजर्सचे घराणे पूर्वेला बंद, तेव्हा डिस्नेने 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' उचलले. ही मंडळी युनिव्हर्सल वापरत असलेल्या कुठल्याच कुटुंबात बसत नव्हती, आणि 2014 च्या चित्रपटाआधी कॉमिक्सच्या बाहेर त्यांना फारसे कुणी ओळखतही नव्हते. 2022 च्या मे महिन्यात एपकॉट पार्कात त्यांचा 'कॉस्मिक रिवाइंड' सुरू झाला, उलट्या दिशेने सुसाट सुटणारा बंदिस्त कोस्टर, आणि तो डिस्नेच्या अलीकडच्या सर्वांत गाजलेल्या राइडपैकी एक ठरला. दरवाजा उघडा असता तर तिथे आयर्न मॅनची एखादी ठोकळेबाज राइड आली असती, असे समजायला जागा आहे. व्यापक चित्रही हेच सांगते. 2010 मध्ये युनिव्हर्सलने हॅरी पॉटरचे जग उभारले आणि लोक लोटले. पुढच्याच वर्षी डिस्नेने 'अवतार'चा करार केला आणि 2017 मध्ये त्यावरचा पॅन्डोरा हा विभाग उघडला. 2019 मध्ये स्टार वॉर्सचा विभाग आला. 2025 मध्ये युनिव्हर्सलने 'एपिक युनिव्हर्स' हा आख्खा नवा पार्क सुरू केला. दोघांकडे वेगवेगळी पात्रे आहेत म्हणून ही चुरस आहे. सगळी पात्रे एकाच घरात कोंबली तर प्रेक्षकाला रांग तेवढी लांब मिळेल.

कराराला मुदत नाही, हा तिसरा आक्षेप. तो कायद्याच्या अंगाने मांडला जातो, म्हणून त्याकडे नीट पाहिले पाहिजे. युनिव्हर्सल जोवर ती आकर्षणे ठरलेल्या दर्जाने चालवते आणि पैसे भरते तोवर हक्क टिकतो. अमर करार कायद्याला मान्य नसतो, असे म्हणत काही जण अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालाचा दाखला देतात. स्पायडर-मॅनसारखे जाळे फेकणाऱ्या खेळण्याच्या पेटंटवरून एका संशोधकाचा मार्वलशी तंटा झाला, करारात रॉयल्टीला शेवटची तारीख नव्हती आणि न्यायालयाने पेटंट संपल्यावर रॉयल्टी थांबते असा कौल दिला. पण तो निकाल पेटंटपुरता आहे. पेटंट संपलेले होते म्हणून रॉयल्टी थांबली. स्पायडर-मॅनचा कॉपीराइट जिवंत आहे. भारतीय कायद्याचा आधार घेणाऱ्यांचा मुद्दा यापेक्षा बरा आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि सोपवलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, मूळ मालकाकडे परत जातो. कलम 30-क ने हे परवान्यांनाही लागू केले आहे. तत्त्व उत्तम आहे. पण ते करार गप्प असतो तेव्हाचे आहे आणि त्याचा रोख प्रकाशकापुढे वा निर्मात्यापुढे हतबल असलेल्या लेखक-कलावंताच्या बाजूने आहे. 1994 चा करार मुदतीबाबत गप्प नाही, त्याने मुदत वापराला जोडली आहे, म्हणजे वापरा नाहीतर गमवा हे आपल्याच कायद्यातले तत्त्व तिथेही आहे. आणि हतबल म्हणून डिस्नेला उभे करणे जरा अवघडच. 1998 मध्ये अमेरिकेत कॉपीराइटची मुदत वीस वर्षांनी वाढली, तिच्यासाठी जोर लावणाऱ्यांत डिस्ने आघाडीवर होती. कंपन्यांच्या जुन्या कामांना तिथे आता 95 वर्षे संरक्षण मिळते; 1962 मध्ये अवतरलेला स्पायडर-मॅन 2058 साली सार्वजनिक होईल. ज्या कंपनीला स्वतःसाठी 95 वर्षे हवी असतात तिच्या वतीने दुसऱ्याच्या तीस वर्षांवर बोट दाखवताना थोडा संकोच वाटायला हवा.

डिस्नेचा स्वतःचा व्यवहारही याहून निराळा नाही. 1987 मध्ये डिस्नेलँडमध्ये 'स्टार टूर्स' सुरू झाली तेव्हा स्टार वॉर्स जॉर्ज लुकासचे होते. डिस्नेने लुकासफिल्म घेतली 2012 मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षे डिस्ने दुसऱ्याच्या पात्रांवर स्वतःच्या पार्कात राइड चालवत होती. 'अवतार'चा करार झाला तेव्हा तो चित्रपट फॉक्सचा होता. समजा, फॉक्स कॉमकास्टने घेतली असती, आणि 2018 मध्ये कॉमकास्टने त्यासाठी बोली लावलीही होती, तर पॅन्डोराची किल्ली कॉमकास्टच्या हाती द्यायला डिस्ने तयार झाली असती का? टोकियो डिस्नेलँड तर 1983 पासून ओरिएंटल लँड या जपानी कंपनीच्या मालकीचे आहे; डिस्ने तिथे परवाना देणारी. पार्क एकाचा, पात्र दुसऱ्याचे, हीच या धंद्याची सर्वसाधारण रीत आहे. बॅटमॅन आणि सुपरमॅन वॉर्नरचे, पण अमेरिकेत त्यांचे कोस्टर सिक्स फ्लॅग्सच्या पार्कांत उभे आहेत, आणि 1998 मध्ये सिक्स फ्लॅग्स वॉर्नरच्या पालक कंपनीच्या हातातून प्रीमियर पार्क्सकडे गेल्यावरही परवाना चालूच राहिला. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकात 'मिस्टर इंडिया'वर राइड आली तीही असाच हक्क मिळवून.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे, अर्ध्यापर्यंत. मार्वलचे ते बेट म्हातारे झाले आहे. इमारतींवरचे भडक रंग, सपाट कापून लावलेल्या आकृत्या, सगळे नव्वदीच्या कॉमिक्सचे. चित्रपटांतून मार्वल ओळखणाऱ्या पिढीला ते परके वाटते. पण आळशीपणाचा आरोप टिकत नाही. स्पायडर-मॅनच्या राइडचे चित्रण 2012 मध्ये नव्याने झाले, हल्कचा कोस्टर 2015 ते 2016 मध्ये बंद ठेवून जवळपास नव्याने बांधला गेला. नवीन आकर्षण का येत नाही याचे उत्तर करारातच आहे: आराखड्याला मार्वलची मान्यता लागते आणि मार्वल म्हणजे आता डिस्ने. प्रतिस्पर्ध्याच्या पार्कात नवी राइड देखणी व्हावी म्हणून डिस्ने धावत येईल अशी अपेक्षा कोण करेल? बेट गोठले आहे ते दोघांच्या हाताने, दोष मात्र एकाच्याच माथी मारला जातो.

वाट बंद आहे असेही नाही. 1927 मध्ये वॉल्ट डिस्नेने घडवलेला ओस्वाल्ड नावाचा ससा अनेक दशके युनिव्हर्सलच्या मालकीचा होता. 2006 मध्ये डिस्नेने तो परत मिळवला, तोही क्रीडा-समालोचक अल मायकल्स यांना आपल्या करारातून मोकळे करून युनिव्हर्सलच्याच गटातल्या एनबीसी वाहिनीकडे जाऊ देण्याच्या बदल्यात. 2023 मध्ये हुलू या स्ट्रीमिंग कंपनीतला कॉमकास्टचा हिस्सा घेण्यासाठी डिस्नेने आधी ठरलेल्या किमान भावानुसार 8.6 अब्ज डॉलर मोजायचे कबूल केले, आणि किंमत त्याहून जास्त आहे की नाही यावर पुढे दीड वर्षाहून अधिक काळ दोघांचा काथ्याकूट चालला. तेव्हा या दोन कंपन्या एकमेकींशी बोलत नाहीत असे नाही, आणि सौदे करत नाहीत असेही नाही. फ्लोरिडातल्या मार्वल-हक्काचाही सौदा होऊ शकतो. कॉमकास्ट मागेल ती किंमत द्यायला डिस्ने तयार असायला हवी. गार्डियन्सच्या कोस्टरसमोर अजून रांगा लागत असताना ती घाई डिस्नेला दिसत नाही, आणि जे डिस्नेला नको आहे ते तिच्या चाहत्यांनी कॉमकास्टकडे फुकट मागण्यात काही अर्थ नाही.